गुलदारवर डाइव्हिंगला जायचं म्हणताय? आधी हे वाचा (बुडवलेली जहाजं, कृत्रिम रीफ वगैरे)

खाडीकाठचा_बेडूक

नमस्कार मंडळी. आमच्या कळव्याच्या सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर परवा कुणीतरी गुलदारची जुनी बातमी ढकलली, खाली लिहिलं 'यंदाची पिकनिक इथेच', आणि अर्ध्या तासात तेवीस अंगठे. त्या तेविसातल्या चौघांना पोहता येतं. बाकीच्यांना मी रिसॉर्टच्या कमरेएवढ्या पाण्यात कडेचा पाइप धरून उभं राहिलेलं बघितलंय. तिथे काही बोललो असतो तर 'याचं नेहमीचंच' झालं असतं म्हणून इथे लिहितोय, लिंक तिकडे चिकटवेन.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गुलदार ही नौदलाची लँडिंग शिप, म्हणजे रणगाडे आणि जवान थेट किनाऱ्याला लावून उतरवणारी. पोलंडमध्ये बांधली, १९८५ मध्ये नौदलात आली आणि १२ जानेवारी २०२४ ला पोर्ट ब्लेअरला चीता आणि कुंभीर या दोघींबरोबर निवृत्त झाली. लांबी साधारण ८४ मीटर, म्हणजे आपल्या लोकलचे चार डबे एकापुढे एक लावले की झालं. नौदलाने ती २०२५ मध्ये एमटीडीसीला (राज्याच्या पर्यटन महामंडळाला) दिली, सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ समुद्राच्या तळाशी ठेवून पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम रीफ (म्हणजे मासे-पोवळ्यांनी वस्ती करावी अशी मुद्दाम केलेली जागा) करायचं म्हणून. केंद्राचे साधारण ४७ कोटी आहेत त्यात.

मी गुलदारवर गेलेलो नाही. पण तशाच जातीच्या एका बोटीवर जाऊन आलोय, थायलंडला को ताओ बेटाजवळ. सत्तकुट नाव तिचं. तीही लँडिंगवालीच, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने बांधलेली, नंतर थाई नौदलाने वापरली आणि २०११ मध्ये मुद्दाम बुडवली. लांबी पन्नासेक मीटर आणि तळ ३० मीटरवर. तिथे मी जो शहाणपणा केला तो सांगायचा आहे पण आत्ता स्टेशनवर आहे आणि फास्ट आली, रात्री लिहितो.


घोडबंदर_ट्रॅफिक

पुढील भागाच्या प्रतीक्षेत. आणि तेविसातला मी एक असू शकतो, नाव सांगणार नाही.


हिशोबनीस

भाबडा प्रश्न आहे, राग मानू नका. ४७ कोटी खर्चून धड चालणारं जहाज बुडवायचं आणि मग ते बघायला आपणच पैसे देऊन खाली जायचं? भंगारात विकलं तर उलट पैसे मिळतील ना. विक्रांतचं तसंच झालं, २०१४ नंतर मुंबईत दारूखाना भागातल्या जहाजतोडणी यार्डात तोडली आणि त्या लोखंडाच्या मोटरसायकली निघाल्या. माझ्या साडूकडे आहे एक, टाकीवर हात फिरवत फिरवत दाखवतो सगळ्यांना.


मालवणी_ठाणेकर

हिशोबनीस, 'धड चालणारं' नव्हे हो, जवळजवळ चाळीस वर्षं खाऱ्या पाण्यात राबलेली बोट ती.

विराटची गोष्ट आठवा. २०१८ च्या नोव्हेंबरात आपल्या मंत्रिमंडळाने विराट ह्याच निवतीजवळ ठेवायला ८५२ कोटींचा प्रस्ताव मंजूर केला होता. आमच्या गावात लोकांनी खोल्या बांधायला काढल्या लॉजिंगसाठी, माझ्या सख्ख्या चुलतभावाने काढली! २०२० च्या सप्टेंबरात विराट अलंगला गेली तुटायला. भावाच्या खोलीत आता नारळ आणि आंब्याच्या पेट्या असतात. तेव्हा ८५२ च्या मानाने ४७ म्हणजे काहीच नाही, आणि ह्या वेळी निदान खोली रिकामी जाऊची नाय अशी आशा आसा.


खाडीकाठचा_बेडूक

आलो. जेवण झालं, लिहितो सगळं.

तर सत्तकुट. माझं तोवर अॅडव्हान्स्ड प्रशिक्षण झालेलं, एकूण डाइव्ह सतरा, म्हणजे अगदी त्या धोकादायक वयात जिथे माणसाला वाटतं आता जमायला लागलं. बोटीवर ब्रीफिंगमध्ये आमच्या गाइडने पाटीवर जहाजाचं चित्र काढून सांगितलं की पुढच्या तोफेपासून सुरुवात, डेकच्या कडेकडेने मागे, केबिनच्या खिडक्यांतून आत बघायचं, आत शिरायचं नाही. हे वाक्य त्याने दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून असं बायको म्हणते, ती माझी बडी (पाण्याखालची जोडीदार) होती.

दोरी धरून खाली उतरतो आपण. पहिली पाचसात मीटर नुसता निळा-हिरवा प्रकाश, खाली काहीच नाही, मग एकदम जहाज दिसत नाही बरं का, आधी त्या निळ्यात एक जागा जरा जास्त गडद वाटते आणि तुम्ही म्हणता ढग आला असेल वर, आणि मग त्या गडदाला सरळ रेघा दिसायला लागतात. समुद्रात सरळ रेघ कुठेच नसते. ती तोफेची नळी निघाली. माझ्या पोटात गोळा आला, खरं सांगतो, भीतीचा की कसला माहीत नाही.

मनगटावर आईने बांधलेला लाल दोरा होता. वीस मीटरवर सहज लक्ष गेलं तर तो काळपट राखाडी. पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी गळतो, पाचदहा मीटरच्या पुढे लाल काही उरतच नाही. टॉर्च मारला तर परत लालभडक. तसाच टॉर्च मग तोफेवर मारला आणि जे नुसतं करडं गंजकं वाटत होतं त्यावर केशरी, पिवळे, जांभळे स्पंज, मऊ पोवळी, कालवांसारखे शिंपले एकावर एक, बोटभर जागा रिकामी नाही. नळीच्या तोंडात एक छोटा मासा बसलेला, मला बघून आत गेला आणि परत बाहेर येऊन बघायला लागला, मुंबईच्या चाळीत खिडकीतून बघतात तसा.

आणि मग तो शहाणपणा. केबिनचं दार उघडंच होतं, म्हणजे दार नव्हतंच, काढून टाकलेलं. आत अंधारात एक मोठ्ठा गोबरा दिसला, निदान पंधरा किलोचा (मनात पहिला विचार तुकड्यांचा आला, संस्कार आहेत). म्हटलं नुसते दोन हात आत जाऊन बघू. गेलो. मासा गेला मागच्या अंगाने, मी वळायला पाय मारला आणि फिन तळाला लागली. इतकंच. तळावर जो बारीक गाळ असतो तो उठला आणि दोन सेकंदात मसाला चहा. माझा स्वतःचा हात दिसेना, हवेचा मीटर डोळ्यासमोर धरला तरी काटा दिसेना. दार माझ्या मागे होतं हे मला माहीत होतं पण मी वळलो होतो ना, मग मागे म्हणजे कुठे?

श्वास इतका जोरात चालू झाला की बुडबुड्यांच्या आवाजाशिवाय काही ऐकू येईना. मग टंग टंग टंग असा आवाज, गाइड बाहेरून आपल्या टाकीवर लोखंडी कडी आपटत होता, पण पाण्यात आवाज सगळीकडूनच येतो, दिशा कळत नाही. शेवटी बायकोच्या टॉर्चचा एक पिवळट डाग दिसला आणि त्याकडे सरकलो, डोकं आपटलं चौकटीला, बाहेर. मीटर बघितला. आत जाताना ११०, बाहेर आल्यावर ७०. घड्याळाप्रमाणे आत होतो जेमतेम दोन मिनिटं.

वर आल्यावर गाइड काही बोलला नाही. बायको बोलली. तो भाग इथे देत नाही.


नेरुळची_मावशी

बापरे! वाचताना माझाच श्वास कोंडला. तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा.

मी ५८ ची आहे, बँकेतून निवृत्त झाले गेल्या वर्षी, पोहायला उत्तम येतं, तीस वर्षं पोहतेय. मला हे शिकता येईल का? की वय झालं? मुलगा म्हणतो आई तू अर्नाळ्याला जा, निवतीला कशाला.


घोडबंदर_ट्रॅफिक

११० आणि ७० म्हणजे काय? टक्के?


खाडीकाठचा_बेडूक

बार. टाकीतला दाब. भरलेली टाकी २०० बार असते आणि ५० उरले की तुम्ही पाण्याच्या वर असायला हवं. मावशी, तुम्हाला सविस्तर लिहितो, थांबा जरा.


हिशोबनीस

आकड्यांचं मी करतो. साधी टाकी ११ लिटरची धरा, २०० बार म्हणजे २२०० लिटर हवा. शांत माणूस मिनिटाला समजा २० लिटर घेतो, म्हणजे वर बसून ११० मिनिटं. पण दर दहा मीटरला दाब एक पटीने वाढतो, बरोबर? मग २० मीटरवर तीनपट दाब, तर एका श्वासात तीनपट हवा जाणार, ३७ मिनिटं. ३० मीटरवर चारपट, २७ मिनिटं. त्यातून ५० बार राखीव काढले तर जेमतेम वीस. आणि बेडूकराव दोन मिनिटांत ४० बार म्हणजे ४४० लिटर प्यायले. म्हणजे मिनिटाला २२० लिटर. अहो तुम्ही श्वास घेत होता की टायरला हवा भरत होता?


खाडीकाठचा_बेडूक

हाहा. टायरच. घाबरला की होतं. बाकी हिशोब चोख. त्यात एक भर घाला, ३० मीटरवर वीस मिनिटं ही हवा शिल्लक असली तरी पाळायची मर्यादा आहे, त्याहून जास्त थांबलात तर रक्तात नायट्रोजन इतका मुरतो की सरळ वर येता येत नाही, मधे थांबे घ्यावे लागतात. आणि तीस मीटरच्या पुढे त्याच नायट्रोजनची नशा चढते, दोन पेग मारल्यासारखं हलकं वाटतं. मला वाटतं त्या गोबऱ्यामागे जाण्यात थोडी ती पण होती. बायकोला हे कारण पटलेलं नाही.


गोदीवाला_काका

धागा बघून राहवलं नाही. मी ऐरोलीला असतो, चौतीस वर्षं गोदीत काढली, ड्रायडॉकला (जहाज कोरड्यात घेऊन दुरुस्त करतात तिथे). कुठल्या ते विचारू नका.

जहाज बुडवणं सोपं आहे हो. समुद्राचे व्हॉल्व्ह उघडले किंवा बुडाला भोकं पाडली की ते आपोआप जातं. कष्ट आहेत आधीचे. तेलाच्या टाक्या नुसत्या रिकाम्या करून चालत नाहीत, आतून पुसाव्या लागतात, बिल्जमधलं (जहाजाच्या बुडाशी साचणारं) काळं पाणी उपसून न्यायचं, ग्रीस, हायड्रॉलिक तेल, अॅस्बेस्टॉसचं लॅगिंग (पाइपांवरचं उष्णतारोधक आवरण), जुन्या केबलींचं वेष्टण, रबर, थर्मोकोल, प्लॅस्टिक, तरंगू शकणारं किंवा विरघळू शकणारं सगळं बाहेर. केबलींत तर महिने जातात. जुन्या जहाजात एकेका भिंतीमागे हातभर जाड जुडी असते, ओढली की अजून येते, द्रौपदीची साडीच. मग गॅस कटर घेऊन दोन्ही बाजूंना मोठी भोकं पाडायची, म्हणजे पाणबुड्याला आतून कुठूनही उजेड दिसला पाहिजे. दारं काढायची नाहीतर वेल्ड करून कायमची बंद. बेडूकरावांच्या केबिनला दार नव्हतं ते म्हणूनच.

आणि एक गंमत सांगतो. जहाजाच्या बुडाला आम्ही जो रंग मारायचो तो विषारीच असतो, तांबं वगैरे असतं त्यात, कशासाठी? तर काही चिकटू नये. बार्नाकल, शेवाळ, कालवं चिकटली की जहाज जड होतं, डिझेल जास्त खातं. म्हणून दर डॉकिंगला आधी खरवडायचं, ब्लास्टिंग करायचं आणि मग परत तो रंग. खरवडलेल्या मालाचा वास तीन साबण लावून जात नाही, बायको दारातच बादली ठेवायची. रीफ करायचं म्हटल्यावर त्या रंगाचाही विचार करावा लागतो, नाहीतर वरचा डेक हिरवागार आणि बूड वर्षानुवर्षं टकलं. चौतीस वर्षं जे खरवडलं ते उगवायची आता लोक वाट बघणार, मला जरा मौज वाटते.


मालवणी_ठाणेकर

काका, दंडवत. हे कुठल्याही बातमीत वाचलं नव्हतं.


दिवाळ्याचा_पोरगा

मी बेलापूरचा, घरची होडी आहे, आजोबा डोल जाळं लावायचे, बाबा आता खाडीतच जातात, निवट्या चिंबोऱ्या जिताडा जे मिळेल ते. मला एक सांगा, जहाज बुडवलं की मासळी वाढते असं सगळे म्हणतात. वाढते की गोळा होते? दोन्हीत फरक आहे. पाच मैलांत पसरलेली मासळी एका लोखंडाभोवती जमली आणि मग मोठे ट्रॉलरवाले किंवा हौशी गळवाले तिथे येऊन एका दिवसात उपसून घेऊन गेले तर लहान होडीवाल्याला काय मिळालं? शिवाय जाळं अडकलं तर नुकसान कोण देणार, एका जाळ्याचे पैसे हजारांत जातात.

विरोध नाही माझा. मागे वरळी कोळीवाड्यासमोर सिमेंट-पोलादाचे रीफ सोडले ते मला आवडलं. पण विचारणार कोणाला आणि सांगणार कोण हे आधी ठरवा.


खाडीकाठचा_बेडूक

तू एकदम दुखरी नस धरलीस. ह्यावर जगभर भांडण चालू आहे, वाढते की गोळा होते ह्याचंच, आणि माझ्या मते सुरुवातीला गोळाच होते, मासे काही दिवसांत येतात आणि एवढ्या घाईत नवीन जन्माला येऊ शकत नाहीत. आधी लोखंडावर नुसता जिवाणूंचा बुळबुळीत थर, मग शेवाळ, बार्नाकल, शिंपले, मग त्यांना खाणारे, मग त्यांना खाणारे. लपायला जागा झाली की पिल्लं जगतात, तेव्हा कुठे वाढ. त्याला वर्षं लागतात, आणि तेवढी वर्षं तिथे मासेमारी बंद नसेल तर ती नुसती मासे पकडायची सोय. त्यामुळे बंदी हवी आणि ती पाळायला तिथलेच लोक हवेत, पगार देऊन.

आणि काहीही बुडवलं की रीफ होत नाही हेही खरं. फ्लोरिडात सत्तरच्या दशकात वीस लाखांवर जुने टायर समुद्रात टाकले, ऑस्बोर्न रीफ नाव दिलं. बांधलेले पट्टे गंजून तुटले, टायर मोकळे सुटले आणि लाटांबरोबर जाऊन शेजारच्या खऱ्या पोवळ्यांवर आपटायला लागले. अजून काढतायत.


हिशोबनीस

म्हणजे आधी टाकायला खर्च मग काढायला खर्च. हे मला ओळखीचं वाटतंय, आमच्या रस्त्यावरच्या पेव्हर ब्लॉकसारखं.


मालवणी_ठाणेकर

आमच्याकडे पावसाळ्यात समुद्र काय करतो ते ठाण्यात बसून कळत नाही. जूनपासून सगळं बंद, ऑक्टोबरला परत सुरू. त्या लाटांत ८४ मीटरची बोट जागेवर राहील का हा मला प्रश्न आहे. कुणी सांगेल का?


गोदीवाला_काका

लाटेचा जोर खोलवर कमी होत जातो, पण वीसपंचवीस मीटर म्हणजे फार खोल नाही, मोठ्या वादळात हलू शकतं. म्हणून तळ बघून, सपाट वाळू बघून, वजनाचा तोल सांभाळून बसवतात. तोल चुकला तर बुडतानाच उलटतं.


खाडीकाठचा_बेडूक

ह्याचं उदाहरण आहे. फ्लोरिडाचंच, स्पीगल ग्रोव्ह नावाची जंगी लँडिंग शिप, २००२ मध्ये 'की लार्गो' बेटाजवळ बुडवायला नेली तर वेळेआधीच बुडायला लागली आणि उलटी झाली, नाक पाण्याबाहेर. मग खटपट करून कशीबशी कुशीवर पाडली. तीन वर्षं तशीच आडवी. २००५ मध्ये डेनिस नावाचं चक्रीवादळ आलं आणि त्याने ती सरळ उभी केली! एवढ्या इंजिनिअरांना जे जमलं नाही ते.

ओरिस्कनी मात्र बघण्यासारखी गेली. विमानवाहू, जवळपास २७० मीटर लांब, २००६ च्या मे महिन्यात पेन्साकोलासमोर ३७ मिनिटांत सरळ खाली बसली. आणि व्हँडनबर्ग २००९ मध्ये 'की वेस्ट' बेटाजवळ, ती दोन मिनिटांच्या आत गेली. व्हिडिओ बघा, तयारीला वर्षं आणि जायला दोन मिनिटं.


घोडबंदर_ट्रॅफिक

आमचा गोव्याचा अनुभव पण टाकतो. ऑफिसचा ग्रुप, ठाण्यातल्याच एका टूरवाल्याकडून बुकिंग, 'शिपरेक डाइव्ह, पोहता न आल्यास चालेल, फोटो व्हिडिओ फ्री'. गेलो. फॉर्मवर सही घेतली पण वाचू दिलं नाही, मला त्या दिवशी सर्दी होती, सांगितलं तर म्हणे कुछ नहीं होता सर. एक पोरगा मागून टाकीला धरून मला खाली नेतोय, जसं मांजर पिल्लाला मानेला धरून नेतं तसं. पाणी गढूळ, दोन मीटरपलीकडे काही नाही. कान असे दुखायला लागले की मी ओरडलो, पाण्यात ओरडून काय होतं म्हणा. खुणेने सांगितलं तर त्याने अंगठा दाखवला, मला वाटलं छान चाललंय असं म्हणतोय म्हणून मीही दाखवला, तर अंगठ्याचा अर्थ वर जाऊ असा निघाला. वर आलो. 'रेक' म्हणजे मला दिसलेल्या दोन गंजक्या फासळ्या. पुढे आठवडाभर डाव्या कानात समुद्र वाजत होता, ईएनटीकडे बावीसशे गेले.


नेरुळची_मावशी

अरे बाळा, सर्दीत विमानात बसलं तरी कान दुखतात, तू पाण्याखाली गेलास!


खाडीकाठचा_बेडूक

ट्रॅफिक, मालक कोण ते नाव टाकलं नाहीस ते बरं केलंस पण वागणूक मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. फॉर्म वाचू देत नाहीत, सर्दी-दमा-बीपी-हृदय विचारत नाहीत, कान कसे मोकळे करायचे हे आधी शिकवत नाहीत, तिथून पैसे सोडून निघून यायचं.

आता मावशींसाठी. वय अडत नाही, तब्येत अडते. आधी डॉक्टरकडून फिटनेस घ्या, बीपी-साखर असेल तर स्पष्ट सांगा. मग पायऱ्या अशा. कुठलंही सर्टिफिकेट नसताना जे करवतात ते इन्स्ट्रक्टरच्या हाताखाली, फार तर १२ मीटर. ओपन वॉटर कोर्स केला की १८ मीटर. अॅडव्हान्स्ड केला की ३०. हौशी डाइव्हिंगची शेवटची हद्द ४०. आणि जहाजाच्या आत शिरायचं असेल तर त्याचं वेगळं शिक्षण, दोरीचं रीळ बाहेर बांधून आत न्यायचं, हवेचे तीन भाग करायचे, एक जायला, एक यायला, एक संकटाला. मी ह्यातलं काहीही न करता आत गेलो होतो. बाहेरून बघायला तेवढं लागत नाही, आणि खरं तर बाहेरच जास्त बघायला असतं.

कोर्सचा पहिला भाग स्विमिंग पूलमध्ये होतो, ठाणे-नवी मुंबईत पूलवाले शिकवणारे आहेत. समुद्रातला भाग तारकर्लीला एमटीडीसीच्या संस्थेत किंवा दुसरीकडे. दोनच गोष्टी आत्तापासून घोका. पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही, वर येताना तर अजिबात नाही, कारण फुप्फुसातली हवा फुगते. आणि वर सावकाश, आपल्याच लहान बुडबुड्यांच्या पुढे जायचं नाही, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. मला ती तीन मिनिटं फार आवडतात, दोरी धरून लोंबकळायचं, काही काम नाही.


मालवणी_ठाणेकर

एक महत्त्वाचं राहिलं, आणि ते आपल्या ठाणेकरांसाठीच आहे. लोक काय करतात, सकाळी मालवणात डाइव्ह, दुपारी सुरमई थाळी, आणि लगेच गाडी काढून आंबोली किंवा फोंडा घाटाने वर, कोल्हापूर-पुणे करून रात्री घरी. आंबोली जवळपास ७०० मीटर उंच आहे! पुढे लोणावळा आहेच. डाइव्हनंतर विमानात बसायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं, एक डाइव्ह असेल तर निदान १२ तास, जास्त असतील तर १८, पण घाट चढणं हा तोच प्रकार आहे हे कोणी सांगत नाही. वर हवेचा दाब कमी होतो आणि अंगातला नायट्रोजन बुडबुड्यांसारखा बाहेर यायला बघतो, सोड्याची बाटली उघडावी तसा. सांधे दुखतात, मुंग्या येतात, लोक म्हणतात ड्रायव्हिंगने अंग आंबलं.

आमच्या घरी नियम, शेवटचा दिवस कोरडा. बाजार, देऊळ, नातेवाईक, मग रात्रीची तुतारी किंवा कोकणकन्या पकडून सकाळी ठाणे.


हिशोबनीस

हे मात्र खरंच माहीत नव्हतं. मी दोन वर्षांपूर्वी नेमकं हेच केलंय, तारकर्ली ते आंबोली, आणि कराडला गुडघा इतका दुखला की उतरून चाललो. बायकोने आयोडेक्स लावलं.

४७ कोटींचा माझा मुद्दा अजून मागे घेतलेला नाही, नोंद असावी. देखभालीचे पैसे दरवर्षी कोण देणार ते कुणी सांगितलेलं नाही.


दिवाळ्याचा_पोरगा

+१ देखभालीला. आणि बाबांना आज हा धागा वाचून दाखवला. ते म्हणाले, बुडालेल्या गोष्टीवर मासा असतो हे आम्हाला शिकवायला नको, पण ज्या जागी मासा राहतो ती जागा कोणाला सांगायची नसते, आणि तुम्ही तर तिकीट लावताय. मग हसले. मग म्हणाले मला नेशील का बघायला.


घोडबंदर_ट्रॅफिक

पोरा, तुझ्या बाबांना नेताना मला पण सांग, ह्या वेळी सर्दी नसताना येतो.


गोदीवाला_काका

मला खाली जायला डॉक्टर सोडणार नाही, स्टेंट आहे. कोणी गेलं तर डेकची वेल्डिंग बघून फोटो काढा. कापलेल्या भोकांच्या कडा घासल्यात का ते बघायचं, न घासलेली कड सुरीसारखी असते, सूट फाटतो आणि हातही. त्यावरून कळतं काम कोणी मनापासून केलंय.


खाडीकाठचा_बेडूक

काका, नक्की. जवळून फोटो काढतो, टॉर्च मारून.


नेरुळची_मावशी

मंडळी, तीन आठवड्यांनी परत येतेय ह्या धाग्यावर. डॉक्टरांनी सही दिली, आणि काल पूलमध्ये पहिला दिवस झाला.

टाकी पाठीवर घेतल्यावर मी आधी मागेच कलले, दोन मुलांनी धरलं, पोरं माझ्या भाच्याच्या वयाची आणि मला मॅडम मॅडम करत होती. तीस वर्षं पोहतेय पण पाण्याखाली श्वास घ्यायचा म्हटलं तर छाती ऐकेचना, प्रत्येक वेळी डोकं वर. चौथ्यांदा मुकाट खाली बसून राहिले आणि पूलच्या तळाच्या फरशा मोजल्या, आडव्या अकरा मोजून झाल्या तेव्हा लक्षात आलं की मी श्वास घेतेय. उजवा कान लगेच सुटला, डावा दोन मीटरवर अडला, मग थोडी वर आले, नाक धरून हलकेच फुंकलं, चिक् असा आवाज आला आणि गेला. मास्क काढून परत घालायचं मात्र जमलं नाही, नाकात पाणी गेलं आणि मी पोरांसमोर अशी खोकले की काय सांगू.

मुलाला फोटो पाठवला, त्याने लिहिलं 'आई कोण आहे ही'. रविवारी परत जातेय, मास्कचंच करायचंय. कोणाला मास्कची काच धुक्याने भरू नये म्हणून थुंकीशिवाय दुसरा काही उपाय माहीत असेल तर सांगा, मला ते फार कसंतरी होतं.


मालवणी_ठाणेकर

बेबी शॅम्पू, मावशी. पाण्यात दोन थेंब, काचेला आतून लावायचा आणि नुसता विसळायचा. पण थुंकीची सर नाय.